पिवळ्या स्वेटरवालीचं काय झालं

शनिवार, १५ नोव्हेंबर. आज तुमचा फ्रिज रिकामा केला, कुंदाताई.

खवलेल्या खोबऱ्याचा डबा बर्फाचा दगड झाला होता, तो टाकला. कोकमाचं आगळ चांगलं आहे, ते घरी नेतेय. लिंबाचं लोणचं समोरच्या हंसाबेनना दिलं. त्या बरणी छातीशी धरून दारातच रडायला लागल्या. मी म्हटलं, "बेन, बरनी धोके वापस देना. ढक्कन ढीला है, संभालके." त्या लगेच ढक्कन बघायला लागल्या. रडणाऱ्याच्या हातात काम दिलं की रडं आटोक्यात येतं, हे मी भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंग सांभाळताना शिकले. मला आज कोणी काम दिलं नाही, म्हणून मी फ्रिजच्या रबराच्या खाचा जुन्या टूथब्रशनं घासत बसले.

दार उघडं राहावं म्हणून फटीत टॉवेल अडकवलाय. हॉलमध्ये आता तुमची आरामखुर्ची, टीपॉयवरचा लॅपटॉप आणि भाड्यानं आणलेलं ऑक्सिजनचं मशीन एवढंच उरलंय. मशीनवाला उद्या सकाळी येणार आहे. संध्याकाळी पूनम सागरच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा. तुमचा जन्म कुठला, शाळेत मराठी किती वर्षं शिकवलंत, सिनेमावर लिहायला कधी लागलात, हे सगळं देसाईसर सांगणार आहेत. त्यांनी ते पाठ केलंय, असं आवाजावरून वाटलं. तेव्हा ते काम माझ्याकडे नाही. माझ्याकडे दुसरंच आलंय, आणि ते तुम्हीच लावून गेलात.

दुपारी भाजीचा ट्रे पुसत होते तेव्हा देसाईसरांचा फोन आला. तुमचं फिल्म मंडळ आता तेच एकटे चालवणार. घसा खाकरून म्हणाले, "शैलाताई, एक विचारायचं होतं. कुंदाताई त्या कापाकापीच्या सिनेमांच्या शेवटपर्यंत ठाम विरोधात होत्या, असं मी बोललो तर चालेल ना? मंडळाच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं आहे." मी म्हटलं, सांगते.

ट्रे वाळायला ठेवला तोवर प्रशांतचा फोन. तोच, ज्याचं भाईंदर पश्चिमेला चष्म्याचं दुकान आहे आणि जो उरलेल्या वेळात त्याच सिनेमांच्या चाहत्यांचा ग्रुप चालवतो. "काकी, मॅडम लास्टला आमच्या पार्टीत आल्या होत्या ना? तुम्हीच बोलला होतात, आता चष्मा लावून बघतायत म्हणून. ग्रुपवर टाकू का तसं? पब्लिक खूश होईल." त्यालाही म्हटलं, सांगते.

दोघांनाही तुम्ही हव्या आहात, ताई. तुमचं शेवटचं मत काय झालं होतं, हे विचारायला दोघांकडे माझ्याशिवाय कोणी नाही. आणि मला ते ठाऊक नाही. सिनेमा अर्धाच झाला होता.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, नणंदेला वन्सं म्हणायचं. तुम्ही स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणालात, "वन्सं म्हणालीस तर मी ओ देणार नाही. म्हातारी झाल्यासारखं वाटतं." नुसतं कुंदा म्हणणं मला जमेना. शेवटी कुंदाताईवर तडजोड झाली. आपल्या दोघींमधली ती पहिली आणि बहुतेक शेवटचीच तडजोड. त्यानंतर आपण कशावरच एकमत झालो नाही. कुळथाच्या पिठीत लसूण किती, मतदान कोणाला, मिक्सर कुठल्या कंपनीचा, सगळ्यावर वाद. पण लोकांना आपला एकच वाद ठाऊक आहे.

त्याची सुरुवात अगदी साधी झाली. मुखवटा घातलेला एक माणूस एकेकाला गाठून मारत सुटतो, तसल्या सिनेमाचं परीक्षण तुम्हाला लिहायचं होतं. एकट्या बाईनं त्या सिनेमाला जाऊन बसायचं म्हणजे लोक बघणार, म्हणून सोबत हवी होती. तुमच्या भावानं हात जोडले. "मला नंतर जेवण जात नाही. तुम्ही दोघी जा." मी गेले, कारण शनिवारचा अर्धा दिवस होता आणि थिएटरात एसी होता. यापलीकडे माझा काही विचार नव्हता.

पहिला खून होईपर्यंत मी पॉपकॉर्न खात होते. संगीत बदललं, सगळं थिएटर गप्प झालं, आणि मी खुर्चीच्या कडेला सरकले. किती वर्षांनी मला कसली तरी उत्सुकता वाटत होती. बाजूला बघितलं तर तुमचा चष्मा मांडीवर.

"पडला का?"

"नाही. काढला."

"मग दिसणार कसं?"

"तू आहेस ना. कोण गेलं ते सांग."

"तो गिटारवाला."

"कशानं?"

"कुऱ्हाडीनं. आधी खांद्यावर, मग..."

"पुरे."

चष्मा परत नाकावर. तुम्ही हे इतक्या सहजपणे केलंत, की पुढची सगळी वर्षं आपण तसंच करत राहिलो. संगीत बदललं की चष्मा मांडीवर, तुमचं तोंड माझ्या खांद्याशी, आणि माझं तुमच्या कानाशी पुटपुटणं. मागच्या रांगेतली पोरं वैतागायची. "आंटी, कमेंटरी बंद करो ना." तुम्ही मागे वळून शाळेतल्या आवाजात म्हणायचात, "बेटा, हम काम पे आए हैं."

आणि मग रविवारी तुमचं परीक्षण यायचं. मी ते चहाबरोबर मोठ्यानं वाचायची. 'दिग्दर्शक हिंसेत रमतो. सुरीचं पातं तो किळस येईपर्यंत दाखवत राहतो.' मी पेपर खाली ठेवायची.

"पातं त्यानं निमिषभरच दाखवलं होतं."

"तू तर कितीतरी वेळ सांगत होतीस."

"मग किळस त्याची आली की माझी? तुम्ही सिनेमाचं परीक्षण केलं नाहीत ताई, माझं केलंत."

"मग एक तारा तुझा कापला असं समज," असं म्हणून तुम्ही बिस्किट बुडवायचात. तुमचा भाऊ खाली बघून हसायचा. तेवढा त्याचा त्या सिनेमांशी संबंध.

वाद मात्र खरा होता. तो गमतीत काढायचा नाही, असं मी ठरवलंय, कारण उद्या हॉलमध्ये त्याची गंमतच होणार आहे.

तुमचं म्हणणं असं होतं, की हे सिनेमे माणसांना मोजण्यापुरतं जन्माला घालतात. त्यांना आई नाही, पोटाची चिंता नाही, आडनावसुद्धा नाही. मारणाऱ्याला मुखवटा आहे, हत्यार आहे, लहानपणी झालेला अन्याय आहे. पुढच्या भागात परत यायची सोय आहे. मरणाऱ्या मुलीला एक किंकाळी. "आणि तीसुद्धा कोणाला आवडलं की मारायची, कोणाबरोबर खोलीत गेली की मारायची. ही कसली शिक्षा, शैले? मी शाळेत आयुष्यभर मुलींना सांगितलं, खुशाल हसा. इथे हसली की मेली."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तुमच्यासारखं मांडता येत नव्हतं. मी म्हणायची, लोक त्या मरणाला हसत नाहीत, आपण दचकलो म्हणून हसतात. मी म्हणायची, सगळ्यांना नियम माहीत असतात. लपंडावात राज्य कोणावर आहे हे माहीत असतं, तरी पोरं किंचाळतातच की. आणि मी म्हणायची, मला मेलेल्या बघायच्याच नसतात. मला ती शेवटची मुलगी बघायची असते. ती सगळ्यांत ताकदवान नसते, सगळ्यांत देखणीही नसते. तिचं लक्ष असतं, एवढंच. दार आतून कोणी लावलं, पायरीवर चिखल कुठून आला, हे तिला दिसतं. आणि वेळ आली की हाताला लागेल ते उचलून ती हाणते. स्टूल, तवा, इस्त्री.

"ती वाचते कारण बाकीच्या मरतात," तुम्ही म्हणायचात. "तू खुशाल तिच्याबरोबर पळ. मी मागे राहिलेल्यांपाशी बसते."

"चष्मा काढून?"

यावर तुम्ही एकदाही चिडला नाहीत. हे मी तुमच्याकडून शिकले नाही, पण बघितलं नक्की.

सिनेमा संपला की माझी घाई. एकदम गर्दी सुटली की सिल्व्हर पार्कची रिक्षा मिळत नाही. तुम्ही मात्र जागच्या हलायच्या नाहीत. पडद्यावर नावं सरकत असायची. प्रकाशयोजना, रंगभूषा, जेवणाची व्यवस्था, ड्रायव्हर. एक तारा द्यायचा असला तरी शेवटचं नाव जाईपर्यंत तुम्ही बसायच्याच. झाडूवाल्या मावश्या दारात उभ्या राहून वाट बघायच्या. एक जण ओळखीची झाली होती, ती म्हणायची, "टीचर, आज आपका कितना लंबा है?" तुम्ही म्हणायचात, "बस, दो मिनट. नाम चल रहे हैं." मी बाहेर जाऊन रिक्षा धरून ठेवायची आणि मीटर पडतंय म्हणून तुम्हाला फोन करायची.

मग ती वेण्यांची भानगड झाली. त्या सिनेमात दोन मुली, दोघींना दोन दोन वेण्या. तुम्ही विचारलंत, "कोण गेलं?" मी सांगितलं, "वेणीवाली." तुम्ही तुमच्या मनातली वेणीवाली धरलीत. ती पुढे दोन प्रसंगांत चालती-बोलती होती, तर तुम्हाला वाटलं दिग्दर्शकानं भूतकाळ दाखवलाय. त्याबद्दल त्याचं कौतुकही केलंत. त्या सिनेमाला तुमच्याकडून मिळालेले चांगले शब्द तेवढेच.

प्रशांतच्या ग्रुपनं धुमाकूळ घातला. 'मावशी, तुम्ही भक्तिपट बघा.' 'जिवंत पोरीला श्रद्धांजली.' तुम्ही सगळं वाचलंत, मला वाचून दाखवलंत, हसलातसुद्धा. पुढच्या रविवारी लिहिलंत, 'गेल्या आठवड्यात मी जिला मारलं ती मुलगी सुखरूप आहे. तिच्या घरच्यांची क्षमा मागते.' सगळे हसले आणि विषय संपला, असं मला वाटलं.

नंतर तुमच्या चष्म्याचा स्क्रू निघाला म्हणून आपण त्याच्या दुकानात गेलो. त्यानं स्क्रू बसवला, काचा पुसल्या, आणि चष्मा तुमच्या हातात देताना म्हणाला, "मॅडम, राग नका मानू. चष्मा मी देतो, पण तुम्ही बघतच नाही."

मी त्याला दुकानातच झापलं. "तू तुझी काच पूस. बाईंचं वय काय, तुझं काय." तो ओशाळला. पैसे घेईना, तेव्हा मी काउंटरवर ठेवून आले. रिक्षात तुम्ही चष्मा हातातच धरून बसलात. मला वाटलं, तुम्हाला लागलं. भाईंदरचं फाटक मागे पडल्यावर म्हणालात, "त्याचं बरोबर आहे, शैले. मी त्या मुलींजवळ बसते म्हणते आणि नेमक्या त्या वेळी तोंड फिरवते. त्यांचं मरण मी एकदाही बघितलेलं नाही. मग मी कोणाच्या बाजूनं लिहितेय?"

मी म्हटलं, "तुमच्याच्यानं होणार नाही ते."

"एक तरी बघते. सगळा. चष्मा लावून. मग जे काय लिहायचं ते शेवटचं लिहीन."

त्यानंतर खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी फुफ्फुसांचा फोटो उजेडावर धरून सांगितलं, ती कडक होत चाललीत, उलट फिरणार नाहीत. तुम्ही त्यांना म्हणालात, "म्हणजे शेवट ठरलेला आहे. नुसतं कधी ते बघायचं." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "त्या परीक्षण लिहितात."

मशीन आलं. नळी नाकाला लागली. काही दिवसांनी नळी पुरेना तेव्हा मास्क आला. पहिल्यांदा मास्क लावला त्या दिवशी तुम्ही आरशात बघितलंत आणि आतून घोगऱ्या आवाजात म्हणालात, "आता मुखवटा माझ्याकडे. पळ." मी हसले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, तोंड धुतलं, आणि परत येऊन तुमची औषधं दिली.

एवढ्यात एक दिवस तुम्ही लॅपटॉप उघडायला लावलात. सिनेमा तुम्हीच निवडलात. बर्फाच्या डोंगरावरचं रोपवेचं बंद स्टेशन, सहलीला आलेल्या मुली, आणि वेल्डिंगचा मुखवटा घातलेला माणूस. हिंदीत डब केलेला. मी तो आधी प्रशांतच्या ग्रुपवरून घेऊन बघितलेला होता, त्यामुळे मला शेवट माहीत होता. मशीन घरघरत होतं, म्हणून आवाज मोठा ठेवावा लागायचा. पहिल्या खुनाच्या वेळी संगीत बदललं, माझं तोंड सवयीनं तुमच्या कानाकडे वळलं, तर तुम्ही हात वर केलात.

चष्मा नाकावरच होता. तुम्ही बघितलंत. खुर्चीचा हात घट्ट धरलात, पण बघितलंत. ती मुलगी पडली आणि तुम्ही म्हणालात, "थांबव."

मला वाटलं, झालं. मशीनचा काटा बघितला. तुम्ही म्हणालात, "हिचं नाव काय होतं?"

"ती... लाल बूटवाली."

"नाव विचारतेय."

मला माहीत नव्हतं. सबंध सिनेमा बघितलेला असून मला माहीत नव्हतं, ताई. मी अशा सिनेमांची एवढी मोठी चाहती, माझ्या डोक्यात सगळ्या अशाच आहेत. गिटारवाला, वेणीवाली, लाल बूटवाली. तुम्ही मागे न्यायला लावलंत. मागे, अजून मागे. बसमधून उतरताना कोणीतरी तिला हाक मारते, "लिंडा, बॅग घे." तुम्ही म्हणालात, "लिंडा. चालव पुढे."

असं प्रत्येक वेळी. मरण बघायचं, थांबवायचं, मागे जायचं, नाव शोधायचं. मध्येच धाप लागायची, मग मशीनचा प्रवाह वाढवून नुसतं बसायचं. रोज संध्याकाळी कारखान्यातून सुटले की मी थेट इकडे यायची आणि सिनेमा जेमतेम इंचभर सरकायचा. तुमचा भाऊ एकदा डबा घेऊन आला, दारातून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अजून हेच चाललंय?" तुम्ही म्हणालात, "ये, बस. रूथ गेली आत्ताच." तो बसला. बर्फात पडलेल्या त्या मुलीकडे बघत त्यानं जेवणसुद्धा केलं. घरी जाताना रिक्षात मला म्हणाला, "ती अशी आधी का नाही बघायची?" मी म्हटलं, तुझी बहीण, तू विचार. त्यानं विचारायला उशीर केला.

मी मध्ये एकदा विचारलं होतं, "मग? कसा वाटतोय?" तुम्ही म्हणालात, "अर्ध्यावर मत देत नाहीत."

शेवटच्या संध्याकाळी तीनच मुली उरल्या होत्या. पिवळ्या स्वेटरवाली त्यांतली एक. ती रोपवेच्या पाळण्याचा दरवाजा हलवून बघत होती आणि तुम्ही पुढे झुकला होतात, मास्कवर वाफ धरली होती. मग थकलात. "बाकीचं उद्या." मी लॅपटॉप मिटला. चादर सारखी करताना तुम्ही माझं मनगट धरलंत. "ती पिवळ्या स्वेटरवाली वाचते का, ते सांगू नकोस."

"मार्था," मी म्हटलं. तोवर मी शिकले होते.

"हां. मार्थाचं सांगू नकोस. मी बघणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हंसाबेनचा फोन आला. अँब्युलन्स, लिफ्टमध्ये स्ट्रेचर उभं धरावं लागलं ते, हॉस्पिटलचे कागद. सगळं मी नीट केलं. माझं कुठे काही चुकलं नाही, आणि त्याचा काही उपयोगही झाला नाही.

त्या सिनेमांबद्दल एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही, कारण मला ती तेव्हा ठाऊकच नव्हती. घरातल्या मरणात कोणी पळत नाही. सगळे खुर्चीवर बसून राहतात. सह्या करतात, पाण्याची बाटली भरून आणतात, डॉक्टर बाहेर आले की उभे राहतात. मारणारा समोर दिसत नाही, नाहीतर मी तिथलं स्टूल उचललं असतं. पोलादी होतं, वजनाला चांगलं. मी त्या स्टुलावर बसून होते.

आत सोडलं तेव्हा मोठा मास्क लावलेला होता. बोलता येत नव्हतं. चष्मा माझ्याकडे दिलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी वाकले, थिएटरात वाकायची तशीच, आणि तुमच्या कानात म्हटलं, "ताई, मार्थाचं सांगू का?"

तुमच्या हाताला सुया होत्या. तर्जनी वर आली आणि डावी-उजवीकडे हलली. नको.

सगळी वर्षं तुम्ही विचारत आलात, कोण गेलं ते सांग. एकदाच नको म्हणालात, आणि मी ऐकलं. आता मला झोपताना वाटतं, सांगून टाकायला हवं होतं. सकाळी उठल्यावर वाटतं, बरं केलं. एखादं काम बाकी ठेवून गेलेलं माणूस आणि काही बाकी नसलेलं माणूस, यांत फरक असावा. तुमचं बोट अगदी ठाम होतं. परीक्षा चालू असताना पर्यवेक्षकाचं असतं तसं.

तर अशी सगळी परिस्थिती. देसाईसरांना विरोधात हव्या आहात, प्रशांतला बाजूनं. मला तुम्ही या खुर्चीत हव्या होतात, पण ते कोणी विचारलेलं नाही. फ्रिज झाला. उद्या लवकर येते.

रविवार. मशीनवाला यायच्या आत आले. आधी खिडक्यांचे पडदे सरकवले. तुम्ही नेहमी म्हणायचात, जो सिनेमा भर उजेडात टिकेल तो खरा. चहा केला, एकच कप. चष्मा पिशवीतून काढून खुर्चीच्या हातावर ठेवला, कारण टीपॉयवर लॅपटॉपला जागा हवी होती. परत द्यायच्या आधी मशीन चालतंय का ते बघून घ्यावं लागतं, नाहीतर नंतर कटकट करतात. म्हणून ते चालू केलं. घरघर सुरू झाली. मग राहिलेला सिनेमा लावला.

रोपवेचा पाळणा, तो दरवाजा, तीन मुली. डोरा गेली. तिचं नाव मला आधीच माहीत होतं, तरी मी थांबवलं. मग जिना उतरताना दुसरी गेली, निळ्या टोपीची. मी थांबवलं आणि मागे गेले. बस, जेवणाचं टेबल, शेकोटी, झोपायच्या खोल्या. कोणी तिला हाकच मारत नाही. सगळ्या तिच्याकडे बघून बोलतात, 'अगं' म्हणतात, हसतात, तिच्या हातात कप देतात. नाव कोणीच घेत नाही. मी परत सुरुवातीपासून शोधलं. चहा गार झाला. इथे तुम्ही तारा कापला असतात, ताई, आणि मी या वेळी पेपर खाली ठेवला नसता.

मग शेवट. मला तो पाठ होता, तरी मी खुर्चीच्या कडेला सरकले. आणि जसजसं घडत गेलं तसतसं रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, आवाज न चढवता, सांगत गेले. मार्थाच्या हाताला लोखंडी दांडा लागलाय. तिनं मुखवट्यावर हाणला. एकदा. परत. तिनं पाळण्याचा दरवाजा आतून ओढून घेतलाय. खाली बर्फ आहे, उजाडलंय. ती रडत नाहीये, तिचे दात वाजतायत. पाळणा खाली टेकला. ती उतरली, ताई. मार्था वाचली. तिच्याबरोबरच्या एकीला मात्र नाव नव्हतं.

पडद्यावर पांढरी अक्षरं सरकायला लागली. संध्याकाळी मी दोघांनाही तेवढंच सांगणार आहे जेवढं मी बघितलं. की तुम्ही अर्ध्यावर मत दिलं नाहीत. की तुम्ही चष्मा लावून बघत होतात, आणि प्रत्येकीपाशी थांबत होतात. ते कोणाच्या बाजूचं झालं, हे देसाईसर आणि प्रशांत यांनी एकमेकांत बोलून घ्यावं. दोघांना शेजारी बसवते.

कलाकारांच्या यादीत खाली लिहिलं होतं, 'निळ्या टोपीतली मुलगी', आणि समोर तिचं काम करणाऱ्या बाईचं खरं नाव. ते मी मोठ्यानं वाचलं.

बेल वाजली. मशीनवाला होता. दारातूनच त्यानं घरघर ऐकली आणि बूट काढता काढता थबकला. "मॅडम, मशीन चालू है? पेशंट है क्या अंदर?"

"नहीं," मी म्हटलं. "दो मिनट रुको, भैया. नाम चल रहे हैं."

तो दाराशी उभा राहिला. प्रकाशयोजना गेली, रंगभूषा गेली, जेवणाची व्यवस्था, ड्रायव्हर. शेवटचं नाव वर जाऊन पडदा काळा झाला. मग मी मशीनचं बटण बंद केलं.